काकूच्या नावावरचा परदेशी फ्लॅट

अन्याय माझ्या काकूवर झाला. मागच्याच्या मागच्या दसऱ्याला, सकाळी, दाराला तोरण बांधून झाल्यावर आणि श्रीखंडाचा डबा उघडायच्या आधी. अंबरनाथला, बुवापाड्यातल्या तिच्याच घरात, तिच्याच ओट्यावर. कणकेची परात बाजूला सरकवून तिथे कागद ठेवले गेले आणि तिच्या सह्या घेतल्या गेल्या. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली होती. सह्या घेणारे तिचे स्वतःचे यजमान होते, आणि ते वाईट माणूस नाहीत. हे मुद्दाम लिहिते. आम्हा पत्रकं काढणाऱ्यांना खलनायक लागतो, आणि तो सापडला की आम्ही पुढचं काही बघत नाही.

त्या सकाळी काकू एका परदेशात, समुद्राकाठी, एका खोलीच्या फ्लॅटची मालकीण झाली. देशाचं नाव देत नाही. त्या देशाने आमचं काही वाकडं केलेलं नाही.

काका फॅक्टरीतून रिटायर झाले तेव्हा त्यांच्या हातात फंड आला. रिटायर माणसाच्या हातात फंड आला की त्याला फोन यायला लागतात. हे फोन कोण करतं, नंबर कुठून मिळतो, यावर मी एकदा पत्रक काढलं होतं. ते कोणी वाचलं नाही. काकांना आलेला फोन उल्हासनगरच्या एका हॉलमधल्या सेमिनारचा होता. विषय होता, मध्यमवर्गीयांनी परदेशात घर का घ्यावं. काका म्हणाले, "तू चल, तुला कायद्यातलं कळतं." मी गेले.

हॉल लग्नाचा होता. खुर्च्यांना आदल्या दिवशीच्या लग्नाची साटीनची कव्हरं तशीच होती आणि स्टेजवर नवरानवरीच्या सिंहासनाच्या पुढ्यात पडदा लावून एजंट उभा होता. नाश्त्याला दालपकवान होतं. ते चांगलं होतं, हे मान्य केलं पाहिजे.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा काका पहिले उठले. आमच्या भागातल्या माणसाला घराच्या बाबतीत अडाणी समजू नका. अर्धं उल्हासनगर नोटिसांवर उभं आहे. कुठली बिल्डिंग अनधिकृत, कुठल्या बिल्डिंगचा स्लॅब आज ना उद्या खालच्याच्या ताटात पडणार, कुठे टँकर लागतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगता येतं. त्यामुळे काकांचे प्रश्न अगदी पक्के होते.

"बिल्डिंग अधिकृत आहे का?"

"एकदम लीगल, अंकल."

"प्लॅन पास आहे? कम्प्लिशन आहे?"

"सब है, अंकल. रेडी पझेशन."

"स्लॅबची गॅरंटी कोण देणार?"

"उधर का गव्हर्नमेंट, अंकल."

"आणि पाणी किती वाजता येतं?"

"चौबीस घंटे."

यावर हॉलमध्ये टाळ्या पडल्या. समुद्राच्या फोटोला पडल्या नव्हत्या, भाड्याच्या गॅरंटीला पडल्या नव्हत्या. चोवीस तास पाण्याला पडल्या.

मग मी उठले. "टॅक्सचं काय?"

"टॅक्स फ्री जैसा ही है, मॅडम."

"तिकडचं नाही विचारत. इकडे कुठे आणि काय दाखवायचं?"

एजंटने हॉलकडे बघत हात पसरले. "इधर कौन पूछता है, मॅडम?"

हॉल हसला. मागून एक बाई म्हणाली, "बसव गं तिला कोणीतरी, ही आता समुद्रावर पण मोर्चा नेईल." पुन्हा हसले. परत येताना रिक्षात काका म्हणाले, "तू प्रत्येक ठिकाणी उभी कशाला राहतेस? तो माणूस किती व्यवस्थित उत्तरं देत होता." काका चिडलेले नव्हते. ते आतून समुद्राकडे बघायला लागले होते.

आता नावाचं. आपल्या राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत एक टक्का सूट मिळते. चांगली योजना आहे. आमच्या नात्यात बदलापूरला, अंबरनाथला ज्यांनी ज्यांनी फ्लॅट घेतले ते सगळे बायकांच्या नावावर आहेत. सरकारी आकडे काढले तर आमच्या घराण्यातल्या बायका मोठ्या मालमत्तेच्या धनी निघतील. त्यांना विचारलं तर त्या म्हणतील, "यांना विचारा."

त्याच सवयीने काकांनी एजंटला बजावलं, "घर मिसेसच्या नावावर पाहिजे." एजंट म्हणाला, "लेडीज के नाम पे तो बेस्ट." त्या देशात बाईला आणि पुरुषाला फी एकच लागते. या बाबतीत तो देश आपल्या पुढे आहे की मागे, हे मी अजून ठरवलेलं नाही. काकांना मात्र बरेच दिवस वाटत होतं की आपण एक टक्का वाचवला.

दुसरं कारण बँकेचं होतं. परदेशात पैसे पाठवताना माणशी एका मर्यादेच्या वर गेलं की बँक वरच्या रकमेवर वीस टक्के कर आधीच गोळा करून ठेवते. तो नंतर रिटर्न भरून परत मागता येतो, पण रिटायर माणसाला "नंतर" हा शब्द आवडत नाही. एजंटने सुचवलं, "आधा मॅडम के खाते से भेजो." म्हणून अर्धा फंड काकूच्या खात्यात टाकला गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथून समुद्रापार गेला. काकूच्या खात्यात तोवर फक्त तिचे स्वतःचे पैसे असायचे. जीन्सचे धागे कापून मिळवलेले. उल्हासनगरहून गाठोडी येतात, बुवापाड्यातल्या बायका दुपारी बसून धागे कापतात, गाठोडी परत जातात. फंडाने त्या खात्यात एक रात्र मुक्काम केला.

दसऱ्याला सह्या झाल्या तेव्हा मी तिथे नव्हते. सोनिवलीला एका टॉवरच्या सांडपाण्याच्या भानगडीत होते. काकूचा पासपोर्टही त्याआधी याच कामासाठी काढला होता. त्यावर आजतागायत कुठलाही शिक्का नाही. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास जेजुरीपर्यंतचा.

दिवाळीच्या आत घराचा ताबा मिळाला. म्हणजे फोटो आला. काकांनी तो मोठा करून फ्रेम केला आणि फ्रिजच्या वर लावला. बाल्कनी, कठडा आणि पलीकडे निळं पाणी. नातेवाईक घर बघायला यायचे, म्हणजे फ्रिजजवळ उभे राहायचे. काकूच्या जाऊबाईंनी नारळ आणि ब्लाउजपीस आणलं आणि विचारलं, "देवघर कुठल्या दिशेला?" काका म्हणाले, "फोटोच्या बाहेर." काकू चहा करत होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

भाडं सुरुवातीचे काही महिने आलं. ते काकांच्या खात्यात यायचं. त्यातून तिकडचा कर आधीच कापलेला असायचा, कारण मालक त्या देशात राहत नाही, आणि न राहणाऱ्या मालकाकडून तिकडचं सरकार कर आधी कापतं, बाकीचं मग बोलतं. मग देखभाल कंपनीचा खर्च कापला जाऊ लागला. मग फर्निचरचा. मग भाडं यायचं थांबलं आणि उलट एक बिल आलं. काका म्हणाले, "सीझन नाहीये." मी विचारलं, "कसला?" ते म्हणाले, "तिकडचा." त्यापुढची माहिती त्यांच्याकडे नव्हती.

मग गेल्या वर्षाच्या शेवटी शेवटी काकूच्या मोबाइलवर मेसेज आला.

तिने तो पुसून टाकला. आमच्याकडे सगळ्यांना हे पक्कं शिकवलेलं आहे. वीज कापणार म्हणून मेसेज आला, पुसा. पार्सल अडकलंय, पुसा. लॉटरी लागली, पुसा आणि शेजारणीलाही सांगा. पण हा मेसेज पुन्हा आला. मी त्या दिवशी तिच्याकडे जेवायला होते. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. ती मला बाय म्हणते.

"बाय, ह्यो बघ गं. दुसऱ्यांदा आलाय."

प्राप्तिकर खात्याचा होता. तुमच्या नावावर परदेशात मालमत्ता असल्याची माहिती आमच्याकडे आहे, ती रिटर्नमध्ये दाखवा, डिसेंबरअखेरची मुदत आहे, अशा आशयाचा.

काका ताटावरून न उठता म्हणाले, "फ्रॉड आहे. हात लावू नको."

"कशावरून?"

"अगं, तुमची परदेशात प्रॉपर्टी आहे म्हणतात. असल्या थापा मारूनच लुटतात माणसाला."

"काका, पण आहे ना?"

त्यांनी फ्रिजकडे बघितलं. "आहे. पण यांना कसं कळलं? आपण कोणाला सांगितलंय? म्हणजे फ्रॉडच."

मी सरकारी वेबसाइट उघडून बघितली. फ्रॉड नव्हता. देश एकमेकांना कळवतात कोणाचं काय कुठे आहे ते. शेजारीपाजारी कळवतात तसंच, फक्त लेखी.

दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन उल्हासनगरला एका सीए बाईंकडे गेले. जीन्सच्या दुकानांच्या वर त्यांचं ऑफिस. वयस्कर सिंधी बाई, चष्मा कपाळावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. कागद चाळले आणि काकांना सोडून काकूकडे वळल्या.

"भाभी, ये फ्लॅट किसका है?"

"यांचा," काकू म्हणाली.

"कागज पे किसका नाम है?"

"माझं."

"तो आपका है."

काकूने पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, ही गोष्ट तिला तोपर्यंत कोणी अशा सरळ वाक्यात सांगितली नव्हती.

सीए बाईंनी मग सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. भारतात राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशात घर असेल तर त्याने रिटर्न भरायलाच पाहिजे. कमाई करापेक्षा कमी असो, धागे कापण्याची असो, नसो. त्या रिटर्नमध्ये ते घर लिहायला पाहिजे. लिहिलं नाही तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. फ्लॅटवर कर बुडवला म्हणून हा दंड नाही, फ्लॅट सांगितला नाही म्हणून आहे. पैसा फंडाचा असो, बँकेतून गेलेला असो, पांढराशुभ्र असो. आणि पुढच्या वर्षी नाही लिहिलं तर पुढच्या वर्षीचा वेगळा.

"पर आपने दसरे को लिया, वो इसी बार के रिटर्न में आता है," त्या म्हणाल्या. "डिसेंबर के अंदर भर दो, बच जाओगे. जनवरी में मेरे पास मत आना. चाय पिलाऊँगी, और कुछ नहीं कर पाऊँगी."

काकांनी विचारलं, "आणि भाडं? ते पण हिच्या नावावर दाखवायचं?"

"ना. पैसा आपने दिया बीवी को, बीवी ने मकान लिया. तो किराया आपकी इन्कम में जुड़ेगा. आपने दिखाया?"

काकांनी दाखवलं नव्हतं. तिकडे कर कापला म्हणजे विषय संपला, असं एजंट म्हणाला होता. तिकडे कर कापल्याचा कागद आणला असता तर इकडच्या करात वजावट मिळाली असती. तो कागद मागायचा असतो, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

काकू म्हणाली, "म्हणजे फ्लॅट माझा, भाडं यांचं, आनि दंड माझा."

सीए बाईंनी चष्मा खाली ओढून तिला नीट बघितलं. "भाभी, मेरे आधे क्लायंट को ये समझाने में दो मीटिंग लगती है."

खरी गडबड घरी आल्यावर झाली. काकांनी एजंटला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अंकल, कुछ मत लिखो. लिखोगे तो फँसोगे," एजंट म्हणाला. "मैं एक पॉवर ऑफ ॲटर्नी भेजता हूँ. मॅडम से साइन करवा दो. फ्लॅट अपनी मॅनेजमेंट कंपनी के नाम पे घुमा देते हैं. आपका नाम ही नहीं रहेगा तो पूछेगा कौन?"

"पण मग फ्लॅट कोणाचा?" मी विचारलं.

"मॅडम, भरोसा भी कोई चीज है."

कागद तासाभरात व्हॉट्सॲपवर आला. काका जाऊन प्रिंट काढून घेऊन आले. काकांचं म्हणणं असं होतं, आणि ते ओरडून नाही, समजावून सांगत होते: आपण साधी माणसं, खात्याच्या तोंडी कशाला जायचं, आपण होऊन लिहून दिलं म्हणजे कबुलीच की, नाव निघालं की झंझट गेली. गेला फंड तर गेला, दहा लाख वर कुठून आणायचे? दहा लाखांसाठी बुवापाड्याचं घर विकावं लागलं असतं. ते घरही काकूच्याच नावावर आहे.

मी म्हणाले, "काका, डिसेंबर संपायच्या आत लिहिलं तर दहा लाख नाहीत. लपवलं तर आहेत. आणि वर फ्लॅट त्या माणसाच्या खिशात."

"तुला सगळीकडे चोरच दिसतात."

"आणि तुम्हाला कुठेच दिसत नाहीत."

"तू लहान आहेस."

"बरं. मग सीए बाई तर लहान नाहीत ना?"

यावर काकांनी कागद काकूपुढे ठेवला. "तू कर गं सही. मी आहे ना."

काकूने कागद हातात घेतला, ओट्यावर ठेवला नाही. "सोनिवलीला भाऊ पन असंच बोलले व्हते," ती म्हणाली.

ती सोनिवलीची. तिथे आता टॉवर उभे आहेत तिथे तिच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. बिल्डरला देताना भावांनी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं. त्या दिवशी मटणाचं जेवण होतं आणि प्रत्येक बहिणीला साडी होती. आमच्या भागात ही पद्धत इतकी रुळलेली आहे की ज्या बहिणीला साडी मिळत नाही, तीच रागावते. काकूने ती साडी पुष्कळ वर्षं वापरली. तिचा रंग चांगला होता, असं ती अजून म्हणते.

"तवा मना कोनी वाचून नाय दाखवलं. सही केली, जमीन गेली. दसऱ्याला वाचून नाय दाखवलं. सही केली, दंड अंगावर आला." ती काकांकडे वळली. "आता तुमी सांगता तिसरी कर. बायला वाचू दे पयलं."

मी वाचलं. इंग्रजीत होतं, मी थांबत थांबत मराठीत सांगितलं. फ्लॅट विकायचा, नावावर करायचा, पैसे घ्यायचे, सगळा अधिकार एजंटच्या कंपनीला. मागे घेता न येणारा. मोबदल्याची जागा कोरी होती.

काका बसले. "हे असं लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"मला तो म्हणाला फॉर्मॅलिटी आहे."

काकूने कागदाची घडी घातली आणि गॅसखाली सरकवली, डुगडुगणाऱ्या पायाखाली. मग म्हणाली, "सीए बाईंकडं कवा जायचं?"

महिना संपायच्या आत गेलो. रिटर्नमध्ये घराचा पत्ता, कधी घेतलं, केवढ्याला, सगळं भरलं गेलं. काकांनी आपलं रिटर्न दुरुस्त केलं, भाडं दाखवलं, कर आणि व्याज भरलं. पैसे त्यांनी घातले म्हणून त्यांच्याही रिटर्नमध्ये घर लिहिलं. शेवटी आधारचा ओटीपी काकूच्या मोबाइलवर आला. काकांनी सवयीने हात पुढे केला. "सांग नंबर."

"मना वाचता येतं," काकू म्हणाली. आकडे तिनेच दाबले, एकेक करून, चष्मा नसल्यामुळे मोबाइल लांब धरून. सीए बाई थांबल्या. काकाही थांबले.

सगळं ठीक झालं असं मी लिहिणार नाही. दंड टळला. फ्लॅट विकायचा तर तिकडे जावं लागेल नाहीतर तिकडचा वकील करावा लागेल, आणि विकल्यावर दोन्हीकडचा कर बघावा लागेल. काकूच्या माघारी तो कोणाला आणि कुठल्या देशाच्या कायद्याने मिळणार, हे सीए बाईंनी विचारलं तेव्हा काकांनी पंख्याकडे बघितलं. मालकी हक्काचा मूळ कागद अजून एजंटकडे आहे. काकू त्याला दर आठवड्याला फोन करते. मी समोर असताना केलेला एक फोन असा होता:

"मालकीन बोलते. कागद कवा पाठवतोस?"

"आंटी, अंकल को फोन दो ना."

"अंकलचं नाव कागदावर नाय."

तिने फोन ठेवला आणि धाग्यांचं गाठोडं पुढे ओढलं. काका कोथिंबीर निवडत होते.

आता तुम्ही. तुमच्या घरातल्या बाईच्या नावावर काय काय आहे? बदलापूरचा वन बीएचके, गावची गुंठेवारी, परदेशातली बाल्कनी, जे असेल ते. तिला माहीत आहे का? "आहे असेल" चालणार नाही. हे पान बाजूला ठेवा, कपाट उघडा, कागद काढा आणि तिच्या हातात द्या. तिला कळेल अशा भाषेत शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवा. कर कुठे भरायचा, कुठे दाखवायचा, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर सांगता येणाऱ्याकडे तिला घेऊन जा, आणि तिथे तिला बोलू द्या. हे होईपर्यंत तिच्याकडे सही मागू नका. आणि ती बाई तुम्हीच असाल तर कोणी काढून द्यायची वाट बघू नका. कपाटाची चावी मागा. आज मागा.